बॅटरीच गेली असणार

मे संपत आला की आमच्या घरी पुरुमेताची धावपळ सुरू होते. खारे बांगडे, सुकी सुंगटं, सोलं, मिरच्या, सगळं पाऊस लागायच्या आधी डब्यात भरून माळ्यावर चढवायचं, आणि चढवणारा माणूस घरात एकच, मी. तर यंदा डब्यांना जागा करताना चपलांच्या एका खोक्यात माझा जुना पीएसपी सापडला, हातात धरून गेम खेळायचं मशीन. ३००० मॉडेल, काळा, २०१० साली पहिल्या पगारातून घेतलेला. सोबत चार्जर, दोन गेमच्या डिस्क आणि एक मेलेली पाल. पालीचं जाऊ दे.

खाली भाचा बसलेला, पुण्याहून सुट्टीला आलेला, वय वर्षं नऊ. त्यानं मशीन हातात घेतलं, स्क्रीनवर दोनदा बोट घासलं आणि विचारलं, "मामा, याला टच नाही?" मी म्हटलं थांब जरा, चालू तर होऊ दे, मग बघ. चार्जर लावला. नारिंगी लाईट एकदा लुकलुकली आणि गेली. परत लावला, परत तेच. आई ओट्याकडूनच म्हणाली, "बॅटरीच गेली असणार." ताई म्हणाली बॅटरीच गेली असणार. भावोजींनी फोनवर न बघताच सांगितलं की बॅटरी. मलापण तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तसं वाटायला कारणही होतं. २०१३ च्या सुमारास तो ठेवून दिला तेव्हा मी नीट बंद केलेला नव्हता. पीएसपीचा स्विच नुसता वर ढकलून सोडला की तो झोपतो, बंद होत नाही, पूर्ण बंद करायला स्विच तीनेक सेकंद धरून ठेवायला लागतो. झोपलेला पीएसपी थोडा थोडा करंट खातच राहतो, म्हणजे मी त्याला जागा ठेवूनच माळ्यावर टाकला होता आणि वर एवढी वर्षं विचारपूस नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या बॅटरीला यात काय दोष देणार.

युएसबीनं बघू म्हटलं. या मॉडेलला मिनी युएसबी आहे, त्यातून चार्ज होतो. पण गंमत अशी की आधी सिस्टम सेटिंग्जमध्ये जाऊन युएसबी चार्ज ऑन करायला लागतं, आणि सेटिंग्जमध्ये जायला मशीन चालू पाहिजे. घराची चावी घरात आणि दाराला कुलूप, तसलं काम.

मग मागचं झाकण काढायला गेलो तर ते आधीच थोडं वर उचललेलं. बॅटरी बाहेर काढली आणि कळलं, पोट फुगलंय. कमी वाटत होतं म्हणून टेबलावर ठेवून टिचकी मारली, तर भिंगरीसारखी फिरली. सपाट बॅटरी अशी फिरत नाही, फुगलेली मधल्या उंचवट्यावर टेकते म्हणून फिरते, ही टेस्ट कुणीही करू शकतो. भाच्याला हा खेळ पीएसपीपेक्षा जास्त आवडला, त्याच्या हातातून काढून घेताना रडारड झाली. आत इलेक्ट्रोलाईट सडून गॅस झालेला असतो, दाबली किंवा टोचली तर पेट घेऊ शकते, हे नऊ वर्षांच्या पोराला सांगून काय उपयोग, मी सरळ सांगितलं की ही फुटते, हात लावायचा नाही.

घरात व्होल्टेज मोजायचा एक साधा मल्टिमीटर आहे, इन्व्हर्टरच्या भानगडीत घेतलेला. बॅटरीच्या सोनेरी पट्ट्यांवर प्रोब लावले, १.३ व्होल्ट. बॅटरीवर छापलेलं ३.६ व्होल्ट, १२०० एमएएच, म्हणजे बॅटरीत किती ताकद मावते तो आकडा. लिथियम-आयनचा सेल पूर्ण भरला की ४.२ च्या आसपास असतो आणि अडीच-तीनच्या खाली गेला की त्याला रिकामाच म्हणायचा, म्हणजे ही रिकामीच्याही पलीकडे गेलेली. इतक्या खाली गेलेल्या बॅटरीला चार्जिंगचं सर्किट चार्जच करत नाही. आणि ते बरोबरच करतं, कारण सेल एवढा खाली जाऊन पडून राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं, आणि नंतर चार्ज केला की तेच तांबं नको तिथं जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं.

हे मला माहीत होतं ते एक बरं, कारण सल्ले यायला लागले. ऑफिसमधला एकजण म्हणाला रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. दुसरा म्हणाला झटका दे, चार्जरची वायर कापून डायरेक्ट बॅटरीला लाव दोन मिनिटं, जिवंत होते, मी मोबाईलची केली होती. असेल केली. फुगलेल्या बॅटरीला असला झटका द्यायचा म्हणजे गॅसवर कढई ठेवून झोपायला जाण्यासारखं आहे. आईचा सल्ला होता की उन्हात ठेव, दमट झालं असेल. आई प्रत्येक गोष्ट उन्हात ठेवते.

शेवटी एका पत्र्याच्या बिस्किटच्या डब्यात वाळू भरली, त्यात बॅटरी ठेवली आणि डबा मागच्या पडवीत, लाकडं-गोणपाटांपासून लांब. वाळू घराशेजारी चाललेल्या बांधकामावरची कोरडी, किनाऱ्यावरची नाही, ती खारट आणि ओली असते, बॅटरीच्या बाजूला मीठ-पाणी कशाला आणा.

मग ऑनलाईन बॅटरी मागवली. ओरिजिनल आता बनतच नाही, जी मिळते ती दुसऱ्यांनी बनवलेली. फोटोत ठळक अक्षरात ३६०० एमएएच. त्याच मापाच्या खोक्यात तिप्पट ताकद. मला तेव्हाच शंका आली होती, पण दुसरी मिळत नव्हती आणि पोरगा रोज दोनदा विचारत होता की आली काय.

अकरा दिवस लागले. तेवढ्यात पाऊस लागला, आमच्या गोव्यातल्या मांद्र्याला पहिल्या पावसात लाईट जाणं हे पंचांगात लिहिल्यासारखं असतं, माडाचं एक चुडत तारेवर पडलं की संपलं. अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी कुरिअरवाला भिजत आला. बॅटरी घातली, स्विच ढकलला आणि हिरवी लाईट लागली! पोरगा नाचायला लागला, मी पण जवळजवळ. पहिलं काम त्यानं काय केलं तर तारीख आणि वेळ विचारली, बॅटरी पार संपली की घड्याळ विसरतो तो. बॅटरी इन्फर्मेशन उघडून बघितलं, २७ टक्के. नवी बॅटरी अर्धवट भरलेली बघून मी आधी चिडलो, पण त्याला कारण आहे. लिथियम-आयनच्या सुट्या बॅटऱ्या विमानातून मालासारख्या पाठवताना त्यात ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज ठेवायचा नाही असा २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियम आहे, भरलेली बॅटरी पेटली तर जोरात पेटते म्हणून.

वीसेक मिनिटं खेळलो. रात्री लाईट आली, चार्जर लावला. नारिंगी लाईट लुकलुकली आणि गेली.

म्हणजे बॅटरी नवीन आणि दुखणं जुनंच. मी मल्टिमीटर घेऊन चार्जरच्या मागे लागलो. या चार्जरची पिन पिवळ्या टोकाची, ४ मिलिमीटर बाहेरून आणि १.७ आतून, मधलं प्लस. चार्जरवर लिहिलेलं ५ व्होल्ट १५०० मिलिअँपिअर. मोजलं तर ५.१ व्होल्ट, कसं अगदी ठणठणीत. चार्जर चांगला, बॅटरी नवीन, तरी चार्ज होत नाही, म्हणजे आता राहिलं काय, मदरबोर्ड. मी रात्री बारापर्यंत बोर्डावरच्या फ्यूजबद्दल वाचत बसलो. चार्जिंगच्या लाईनवर तांदळाच्या कणीएवढे फ्यूज असतात, ते उडाले की बदलायला लागतात, माझे हात सोल्डरिंगला एवढे बारीक नाहीत. तोपर्यंत पोराची सुट्टी संपली. ताई त्याला घेऊन गेली, जाताना तो म्हणाला, "मामा, झाला की व्हिडिओ कॉल कर."

मग मी म्हापशाला गेलो. शुक्रवारी गेलो हीच चूक, बाजाराच्या दिवशी बसमध्ये माझ्या मांडीवर कुणाचीतरी केळीची रोपं होती चोपड्याच्या पुलापासून शेवटपर्यंत. बाजाराच्या मागच्या गल्लीत एकजण रेडिओ, मिक्सर, मोबाईल सगळं दुरुस्त करतो, दुकान म्हणजे एक टेबल आणि एक पंखा. त्याला पीएसपी दाखवला. तो हसला. "हें अजून जितें आसा?" म्हटलं तेच बघायला आलोय.

मी सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली, फ्यूजपर्यंत पोचलो पण नव्हतो, तोवर तो म्हणाला, "बॅटरी काड." काढली. "आतां चार्जर लाय." लावला. त्यानं स्विच वर ढकलला आणि पीएसपी बॅटरीशिवाय चालू झाला, हिरवी लाईट, मेनू, सगळं. ब्राईटनेस सगळ्यात कमीवर होता म्हणून तेवढं तरी जमलं असावं. मग त्यानं पिनच्या जवळची वायर दोन बोटांत धरून जराशी वाकवली. पीएसपी बंद. सोडली, परत स्विच ढकलला, चालू. वाकवली, बंद. "पळय," म्हणाला, "वायर गेल्या. बॅटरी म्हूण कोणें सांगलें?"

सगळ्या घरानं सांगितलं, काय बोलणार.

मी म्हटलं पण मी तर मोजलं, ५.१ व्होल्ट दाखवत होता. त्यावर त्यानं जे केलं ते बघायला मी परत शंभर रुपये देईन. टेबलाखालून स्कूटरच्या इंडिकेटरचा एक बल्ब काढला, त्याला दोन वायरी सोल्डर केलेल्याच होत्या, आणि चार्जरच्या पिनला लावला, वर मल्टिमीटर. बल्ब १२ व्होल्टचा, ५ व्होल्टवर मिणमिणता का होईना पेटायला पाहिजे. पेटलाच नाही, आणि ५.१ वरून आकडा धाडकन सव्वादोनवर आला. वायरच्या आतल्या तांब्याच्या बारीक तारा पिनपाशी तुटत तुटत दोन-तीनच शिल्लक होत्या. मल्टिमीटर करंट ओढतच नाही म्हणावं इतका कमी ओढतो, त्यामुळे एका तारेवरूनही व्होल्टेज पूर्ण दिसतं. पण खरा करंट ओढला की त्या तारेत अडकतं सगळं. मी रात्री बारापर्यंत ज्या आकड्यावर विश्वास ठेवून बसलो होतो तो आकडा खरा होता पण कामाचा नव्हता. पीएसपी नेमकं हेच करत होता, चार्जिंग सुरू करायचा, व्होल्टेज पडायचं, लाईट लुकलुकून जायची.

जुन्या बॅटरीचं आणि या वायरचं दुखणं बाहेरून एकसारखंच दिसत होतं हा त्यातला खरा त्रास.

वायर कापून जोडता आली असती पण त्यानं त्याच मापाच्या पिवळ्या पिनची युएसबी केबल काढून दिली, एका बाजूला ४ बाय १.७ ची पिन, दुसरीकडं साधी युएसबी, मोबाईलच्या चार्जरला लावायची. मी विचारलं माझा मोबाईल चार्जर फास्टवाला आहे, ९ व्होल्ट गेला तर? तो म्हणाला नाही जाणार, आणि नंतर विचार केला तर बरोबरच होतं. फास्ट चार्जर आधी फोनशी डेटाच्या तारांवरून बोलतो, फोन मागेल तेव्हाच व्होल्टेज वाढवतो. या केबलमध्ये डेटाच्या ताराच नाहीत, प्लस आणि मायनस बस, मग तो गप ५ व्होल्टवर राहतो. केबलचे आणि तपासायचे मिळून अडीचशे रुपये. बाहेर येऊन भाजी-पाव खाल्ला, पाऊस थांबेपर्यंत दोन चहा झाले, घरी आलो.

चार्ज झाला. नारिंगी लाईट तीन तास लागून राहिली, मग विझली. १०० टक्के. मला वाटलं संपलं.

डिस्क घातली, गेम लोड व्हायला लागला, डिस्क फिरायचा तो ओळखीचा घर्रर्र आवाज आला आणि पीएसपी बंद पडला. १०० टक्क्यांवर. परत चालू केला, टक्के ९६. मेमरी स्टिकवरचा गेम लावला, अर्धा तास झकास चालला. डिस्क लावली, मेला. मी स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं, बॅटरीच गेली असणार, आणि आई आतून हसली.

पण आता म्हापशाचा बल्ब डोक्यात होता. डिस्क फिरवायला मोटर लागते, म्हणजे त्या क्षणी करंट जास्त ओढला जातो. जास्त करंट ओढल्यावर मरतो, कमी ओढला तर चालतो, म्हणजे कुठंतरी परत तीच अडचण, वाटेत काहीतरी अडतंय. नवी केबल लावून डिस्क चालवून बघितली, बॅटरी काढून, नुसत्या चार्जरवर, ब्राईटनेस फुल्ल. नीट चालली. मग उरली बॅटरी आणि बॅटरी जिथं टेकते ती जागा. टॉर्च मारून आत बघितलं तर ज्या स्प्रिंगवाल्या पत्त्या असतात त्यांच्यावर हिरवट-पांढरा थर. आमचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटं, इथं दाराची कडी, सायकलची चेन, पंख्याचे स्क्रू, काही सोडत नाही हा खारा वारा, मग त्या बिचाऱ्या पत्त्या माळ्यावर एवढी वर्षं काय करणार होत्या. त्यात सुक्या मासळीचे डबे शेजारी.

हिशोब साधा आहे. अशा थरामुळे वाटेत नुसता एक ओहमचा अडथळा वाढला आणि मशीननं एक अँपिअर ओढला तर एक व्होल्ट तिथंच खलास. बॅटरी देतेय ४.२, मशीनला पोचतं ३.२, ते म्हणतं बॅटरी संपली आणि बंद होतं. बॅटरी बिचारी भरलेलीच.

आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, घरात होतं, चष्म्याच्या काचा पुसायला आणलेलं. बॅटरी बाहेर, चार्जर काढलेला, कान साफ करायच्या काडीला आयपीए लावून पत्त्या पुसल्या, काडी हिरवी झाली, दुसरी घेतली, असं पाच-सहा वेळा. जे निघत नव्हतं ते खोडरबरचा कोपरा कापून त्यानं हळू घासलं आणि रबराचा चुरा फुंकून नाही, ब्रशनं काढला, फुंकर मारली की तोंडातली ओल जाते. पॉलिश पेपर वापरायचा मोह झालेला. नाही वापरला, वरचा सोन्याचा मुलामा पातळ असतो, तो गेला की पुढच्या पावसाळ्यात परत हेच, जास्त वेगानं. एक पत्ती जरा दबलेली होती, ती टूथपिकनं थोडी वर उचलली. अर्धा तास वाळू दिलं.

डिस्क घातली. घर्रर्र. गेम चालू झाला. त्यातली माझी शेवटची सेव्ह २०१३ ची, जिथं अडकलो होतो तिथंच उभा होतो, आणि परत तिथंच हरलो.

आता त्या ३६०० एमएएचची गोष्ट. डिस्कवर सतत खेळून, ब्राईटनेस मध्यम, वायफाय बंद, तीन तास दहा मिनिटं चालला. यात वाईट काही नाही, १२०० ची चांगली बॅटरी साधारण एवढंच देते. पण तिप्पट असती तर मी झोपून उठलो असतो. आईच्या वजनकाट्यावर दोन्ही ठेवल्या, जुनी फुगलेली १२०० वाली आणि ही, तर ही चक्क हलकी. ताकद साठवायची तर आत माल पाहिजे, माल असला की वजन पाहिजे, एवढं साधं आहे. टक्क्यांचा आकडापण ठार खोटारडा, ६४ पर्यंत शहाण्यासारखा उतरतो आणि तिथून एकदम १२. ओरिजिनलमध्ये बॅटरीच्या आत हिशोब ठेवणारी चिप असते, हिच्यातली चिप बहुतेक व्होल्टेज बघून अंदाजपंचे सांगते. मला सवय झालीय, ६४ दिसलं की सेव्ह करतो.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली ती सोनीनं, आणि हा पीएसपी सोनीचाच, हे मला या सगळ्या भानगडीत कळलं. ज्यांच्या संशोधनावर ती उभी आहे त्या तिघांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चं नोबेल मिळालं. मी माझी पडवीतल्या बिस्किटच्या डब्यात ठेवली होती.

ती जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकली नाही. पंचायतीची गाडी सुका कचरा नेते खरी, पण गाडीत कचरा दाबला जातो आणि मध्ये प्लास्टिक, कागद, असली फुगलेली बॅटरी त्यात दाबली गेली तर सगळ्या गाडीला आग. पुढच्या खेपेला म्हापशाला गेलो तेव्हा पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून डब्यासकट त्या दुकानदाराकडं दिली, त्याच्याकडं मोबाईलच्या मेलेल्या बॅटऱ्या साठवायचा वेगळा डबा आहे, एक माणूस येऊन ई-कचऱ्यासाठी घेऊन जातो म्हणाला. वाळूचं काय करू विचारलं तर म्हणाला ठेव इथंच, माझ्याकडच्याही फुगतात.

भाच्याला व्हिडिओ कॉल केला. त्यानं बघितलं, बरं म्हणाला, आणि मग विचारलं ती फिरणारी बॅटरी कुठाय. चवथीला येणार आहेत सगळे, तेव्हा बघू.

आता पीएसपी माळ्यावर ठेवत नाही. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून, स्विच तीन सेकंद धरून नीट बंद करून, बॅटरी बाहेर काढून आणि साधारण निम्मी भरलेली. पूर्ण भरून ठेवली की लवकर म्हातारी होते, रिकामी ठेवली की पहिल्यासारखं. दर दोन महिन्यांनी काढून बघायची म्हणून कालनिर्णयवर पेननं खुणा केल्यात. परवा आईनं संकष्टी बघायला पान उलटलं आणि विचारलं, "ह्या दिवशी पीएसपी म्हणजे काय रे, कुणाचा वाढदिवस?"